मागच्या भिंतीतली चिरक

माझी सगळी नोकरी गळत्या बंद करण्यात गेली. नागपूरजवळच्या वीज केंद्रात मी मेंटेनन्सला होतो. कुठं वाफ सुटली, कुठं तेल ठिबकलं, की हत्यारांची पिशवी उचलायची आणि पळायचं. आमच्याकडं एकच शिस्त होती: आधी बंद करा, कारण मग शोधा. तिथं ती बरोबरच होती, कारण वाफ कुणासाठी थांबत नाही. पण चौतीस वर्षं एकच काम केलं की माणूस घरीही तसाच वागायला लागतो. बायको म्हणते, पातेल्यावर झाकण नसलं तरी माझा जीव वर-खाली होतो. खोटं नाही ते.

निवृत्त झाल्यावर आम्ही हुडकेश्वरच्या पुढं एका लेआउटमध्ये घर बांधलं. तेव्हा आजूबाजूला सगळे रिकामे प्लॉट होते. मुरमाचे ढीग, काळे दगड, बेशरमाची झुडपं आणि मध्येच एखादा विजेचा खांब. मला ही मोकळी जागा पहिल्या दिवसापासून आवडली. बायकोला अजिबात नाही. तिचा जन्म उमरेडच्या विणकराच्या घरातला, आणि लग्नानंतर सगळा संसार जुन्या नागपुरातल्या विणकरांच्या मोहल्ल्यात झालेला. तिथं या घरातली फोडणी त्या घरात शिंकायला लावते. इथं शेजारी म्हणून एकच बाई, विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या, त्यासुद्धा एक प्लॉट सोडून.

यायच्या आधी बायकोनं एक अट घातली. "ज्या दिवशी घरात साप निघन, त्या दिवशी मी चालली भावाकडं. मंग तुमी अन् तुमचं घर."

मी हसून हो म्हटलं, पण ती हसली नाही. तिच्या भीतीला कारण होतं. त्यांच्या घरी खड्ड्याचा माग होता. विणणारा जमिनीवर बसतो, पाय खड्ड्यात सोडतो आणि खालच्या पावड्या पायानं दाबत वर विणतो. माझी सासू अशीच विणायला बसली असताना खड्ड्यात तिला साप चावला. जीव वाचला, पण पाय कामातून गेला. मी पाहिली तेव्हापासून ती पाय ओढतच चालायची, आणि मागावर पुन्हा कधी बसली नाही. एवढंच मला ठाऊक होतं, आणि एवढं पुरेसं आहे असं मला वाटत होतं.

मग मी कामाला लागलो. नाल्यांच्या तोंडांना जाळ्या लावल्या. दारांच्या खाली रबराच्या पट्ट्या ठोकल्या. कंपाउंडच्या आत गवताची काडी ठेवली नाही. शेजारच्या बाई एकदा गेटशी उभ्या राहून पाहत होत्या. "घर बांधून राहिले का जेल, भाऊजी?" असं विचारून गेल्या. मला राग आला, आणि मी आणखी एक जाळी ठोकली.

दुसऱ्या वर्षी, होळीच्या सुमारास, आमच्या अंगणात एक पक्षी यायला लागला. चिमणीहून थोडा मोठा, काळा कुळकुळीत. पंखावर पांढरा डाग आणि शेपटीखाली विटकरी रंग. शेपटी कायम उभी. जमिनीवरून टुणटुण चालायचा, दगड आला की दगडावर चढायचा, चारी बाजूंना पाहून पुन्हा खाली उतरून मुंगी नाहीतर नाकतोडा उचलायचा. सोबत मातकट रंगाची मादी. बायकोनं त्याचं नाव मुकादम ठेवलं, कारण तो कामावर देखरेख करायला आल्यासारखा फिरायचा आणि स्वतः कशालाच हात लावत नाही असा आव आणायचा. शेजारच्या बाईंनी सांगितलं की हा चिरक, आपल्याकडच्या कोरड्या माळावरचाच पक्षी, दगडधोंड्यांत राहणारा. मला तेव्हा त्याच्यात काही रस नव्हता. बायकोला होता. सकाळचा चहा ती ओट्यावर बसून प्यायची आणि मुकादम आला नाही तर दुसरा कप घ्यायची. या घरात आल्यापासून ती आपण होऊन बाहेर बसायला लागली ती त्याच्यामुळं. म्हणून मीही त्याला हाकलत नव्हतो.

एप्रिलमध्ये एक दिवस ती म्हणाली, "पिल्लं हायेत याइची कुठं तरी. मादी तोंडात अळी घेऊन घराच्या मागं जाते."

मी पेपर वाचत होतो. "असतीन," म्हटलं आणि पान उलटलं.

घराच्या मागं, भिंत आणि कंपाउंड यांच्यामध्ये, जेमतेम एक माणूस जाईल एवढी गल्ली आहे. तिथं खिडकीला कूलर लावलेला आहे. त्याच्या बाजूला, छातीच्या उंचीवर, भिंतीत एक भोक राहून गेलं होतं. गवंडी परांची बांधताना बल्ल्या खोचायला भिंतीत भोकं ठेवतात आणि उतरताना एकेक बुजवत येतात. आमच्या गवंड्यानं सगळी बुजवली आणि एक विसरला. मग तो दुसऱ्या साइटवर निघून गेला. एवढा गळत्या बुजवणारा माणूस मी, माझ्याच घराच्या भिंतीत भोक आणि मला त्याचा पत्ता नाही, कारण ते कूलरच्या आड होतं.

त्या दिवशी सकाळी बायको शेजारच्या बाईंकडं कुरडया घालायला गेली होती. मी कूलरची टाकी भरायला मागं गेलो. पाइप लावून बाजूला पाहिलं तर भोकातून काहीतरी पांढरट लोंबत होतं. प्लास्टिक असेल म्हणून ओढलं. हातात चार बोटं लांबीचा तुकडा आला. पातळ, कुरकुरीत, आणि त्यावर बारीक खवल्यांची जाळी. सापाची कात होती ती.

मी आधी गेटकडं पाहिलं, बायको येते का म्हणून. भीती सापाची नव्हती, अटीची होती. डोळ्यांपुढं बायको बॅग भरताना दिसली आणि त्या मोकळ्या लेआउटमध्ये मी एकटा. काठीनं भिंतीवर दोन-तीनदा ठोकून पाहिलं. आतून काही आवाज नाही. टॉर्च आणून आत पाहायला हवं होतं. एवढी साधी गोष्ट. पण आत पाहिलं आणि तो बाहेर आला तर? आणि तेवढ्यात बायको आली तर? मी कात खिशात घातली, घमेल्यात सिमेंट कालवलं, विटेचा तुकडा ठोकून बसवला आणि वरून थापी फिरवली. अकरा वाजले असतील. दहा मिनिटांचं काम. घमेलं धुऊन ठेवलं, कूलर सुरू केला आणि मनात म्हटलं, हा विषय संपला.

ती एक वाजता आली. हात कुरडयांच्या चिकानं माखलेले, चेहरा उन्हानं लाल. आम्ही जेवलो. दोन वाजता मी कूलरपुढं आडवा झालो आणि ती भांडी घासायला लागली. थोड्या वेळानं तिनं हाक मारली.

"अवो, हे पाहा ना. मादी खिडकीवर आपटून राहिली. तोंडात अळी हाये. गिळूनबी नाही राहिली, टाकूनबी नाही राहिली."

मी उठलो नाही. कूलरच्या आवाजात ऐकू आलं नाही असं दाखवलं.

ती आत येऊन माझ्या पायाशी उभी राहिली. "मुकादम कंपाउंडवर बसून नुसता ओरडून राहिला. पिल्लाइले काही झालं का वो त्याइच्या?"

तेव्हा मला कळलं. भोक, कात, मागच्या बाजूला जाणारी मादी, सगळं एकदम जागेवर बसलं. त्या भोकात साप नव्हता. निदान आता तरी नव्हता. मी पिल्लं लिंपून टाकली होती.

मी तसाच पडून राहिलो. किती वेळ ते खरंच सांगता येणार नाही, पण पाच मिनिटं तरी नक्की. ती पाच मिनिटं मला आजही लाज आणतात. भोक फोडायचं तर भोक काहून बुजवलं हे सांगावं लागणार. ते सांगितलं की कात दाखवावी लागणार. कात दाखवली की घर गेलं. आणि गप्प राहिलो तर चार-दोन दिवसांत पक्षी निघून जातील, बायको हळहळेल आणि विसरेल. हिशेब अगदी सोपा होता. खिडकीवर पुन्हा टक्‌ असा आवाज आला आणि बायको म्हणाली, "अळी अजून तशीच हाये तिच्या तोंडात."

मी उठलो. छन्नी, हातोडी आणि मोठा स्क्रूड्रायव्हर घेतला. "चाल," म्हटलं. "भोक मीच बुजवलं. सकाळी."

"कोणतं भोक?" ती विचारत मागं आली.

सिमेंट अजून पुरतं आवळलं नव्हतं. हातोडी जोरात मारता येत नव्हती, तुकडे आत पडले असते. म्हणून स्क्रूड्रायव्हरनं कडेकडेनं कोरत गेलो. घाम डोळ्यांत उतरत होता. बायको शेजारी उभी राहून पडलेले तुकडे बाजूला सारत होती. विटेचा तुकडा निघाला तेव्हा टॉर्च तिनंच धरला. आत काड्यांची एक वाटी होती. तिच्यात तीन पिल्लं. दोघांनी उजेड पाहून चोची उघडल्या. तिसऱ्यावर सिमेंटचा लगदा पडला होता. त्यानं चोच उघडली नाही.

मी आयुष्यात पुष्कळ चुका केल्या, पण हातावर घेऊन पाहता येईल अशी ही पहिलीच. वजन असं काही नव्हतंच त्याला.

बायकोनं ते मोगऱ्याच्या बुडाशी पुरलं. तोवर मी घरट्याकडं पाहत होतो. काड्या, नारळाच्या शेंड्या, पांढरे केस, आणि त्यांच्यामध्ये गुंफलेले कातीचे तुकडे. केस बायकोचेच होते. ती विंचरल्यावर गुंता ओट्याच्या कोपऱ्यात ठेवते, केसांच्या बदल्यात भांडी देणाऱ्या बाईला द्यायला. ती परत आली, टॉर्च मारला आणि तिनंही पाहिलं.

"ही कात हाये का?"

मी खिशातला तुकडा काढून तिच्या हातावर ठेवला. "हीच पाहून बुजवलं. तुले सांगतलं नाही."

आवाज ऐकून शेजारच्या बाई कंपाउंडशी आल्या होत्या. त्यांनीच सांगितलं की चिरक घरट्यात कात आणून लावतो, ही त्याची सवयच आहे. माळावर कुठंही पडलेली उचलतो. काही लोक म्हणतात, त्यानं दुसरे प्राणी घाबरतात. "म्हणजे साप इथं नाही, तिकडं कुठं तरी," त्या म्हणाल्या, आणि आमचे चेहरे पाहून निघून गेल्या. आम्ही खिडकीआड बसलो. पाच वाजायच्या सुमारास मादी भोकात गेली आणि तोंड रिकामं करून बाहेर आली. मला इतकं हायसं वाटलं की मी बायकोकडं पाहून हसलो. ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं बॅग भरली. मी म्हटलं, "घरात साप निघालाच नाही वं. कात पक्ष्यानं आणली, बाईनं सांगतलं ना तुझ्यासमोर."

ती पलंगाच्या कडेला बसली. "सापासाठी नाही चालली मी," ती म्हणाली. "माह्या आईचं तुमाले अर्धंच माहीत हाये. बाबानं पाहिली होती कात. मागाच्या खड्ड्यात, बिळाच्या तोंडाशी. लुगड्यांचं काम अर्धं झालं होतं. आईले सांगतलं असतं तं ती खड्ड्यात उतरली नसती. म्हणून बाबानं बिळात मातीचा गोळा कोंबला अन् चूप बसला. चार दिवसानं आईले डसला." तिनं बॅगेची चेन ओढली. "बाबा वाईट नव्हता. तुमच्यासारखाच होता."

मी ऑटो आणून दिला. बसताना ती म्हणाली, "पिल्लाइचं सांगत जा."

त्यानंतर रोज संध्याकाळी पाचला तिचा फोन यायचा. माझं जेवण, माझ्या गोळ्या, काही नाही. फक्त पिल्लं. मी रोज दोनदा टॉर्च मारून पाहायचो आणि सांगायचो. आज पिसं फुटली. आज डोळे मोठे दिसतात. आज मुकादमानं भला मोठा नाकतोडा आणला, पिल्लाच्या तोंडात मावेना, मग स्वतःच खाल्ला. तिकडून ती एकदा हसली. तो दिवस फार बरा गेला. मी कूलरही बंद ठेवायला लागलो, पिल्लांना आवाज नको म्हणून. नागपूरच्या एप्रिलमध्ये कूलर बंद ठेवणं म्हणजे काय ते नागपूरवाल्यालाच कळेल.

मंगळवारी सकाळी एक पिल्लू कूलरच्या स्टँडवर बसलेलं दिसलं. इवलीशी शेपटी, पण उभी. दुसरं भोकाच्या तोंडाशी. मुकादम कंपाउंडवरून बोलावत होता. तासाभरात दोघंही भिंतीपलीकडं, बेशरमाच्या झुडपांत. मी टाळी वाजवली, एकटाच. आणि लगेच माझ्या ध्यानात आलं की आता तिला विचारायला काही उरलं नाही.

पाचला फोन आला. "कशी हायेत?"

"बरी हायेत," मी म्हटलं. तोवर ते खरंच होतं.

"तोंडं बाहेर काढते का?"

"काढते ना," मी म्हणालो.

बुधवारी पुन्हा तेच. एक पिल्लू जरा अशक्त दिसतं, वेळ लागेल, असं मी वर जोडलंसुद्धा. खोटं एकदा सुरू झालं की मला ते नीटनेटकं करायची सवय आहे, थापी फिरवल्यासारखं. गुरुवारी ती म्हणाली, "उद्या येऊन राहिली मी. उडायच्या आधी एक डाव पाहून घेतो."

"ये," मी म्हणालो. फोन ठेवला आणि झाडू घेतला. दोन खोल्या झाडल्या. मनात म्हणत होतो, येऊ तर दे. आली की म्हणायचं, आज सकाळीच उडाली बघ, थोडक्यात चुकली. मागची गल्ली झाडायला गेलो तेव्हा समोर ते भोक. कडेला माझ्याच सिमेंटचा अर्धा घेर अजून चिकटलेला. मला सासू आठवली. जावयाला चहा द्यायला स्वयंपाकघरातून पाय ओढत यायची. तिच्या हातून कप घ्यायला सासरे कधी उठायचे नाहीत, आणि ती चालत असली की ते दुसरीकडं पाहायचे. मी त्यांना गर्विष्ठ समजत होतो. इतकी वर्षं.

मी झाडू टाकला आणि स्वतः फोन लावला. "पाहायले येऊ नको," म्हटलं. "पिल्लं उडाली. मंगळवारीच. मी तीन दिवस खोटं बोललो."

मग "बरं," आणि फोन बंद.

शुक्रवारी मी स्वयंपाक केला नाही. कालचीच भाकर दुधात कुस्करून खाल्ली आणि ओट्यावर बसून राहिलो. बाराच्या उन्हात गेटपुढं ऑटो थांबला. ती उतरली. बॅग ओट्यावर ठेवली, माझ्याशी न बोलता टॉर्च घेऊन मागं गेली. मीही मागं गेलो. तिनं भोकात उजेड मारून रिकामं घरटं पाहिलं, केस पाहिले, कात पाहिली. मग टॉर्च बंद केला.

"शेजारच्या बाईनं मंगळवारीच फोन केला होता मले," ती म्हणाली. "पिल्लं भिंतीवर पाहिली म्हणून."

"मंग रोज विचारत काहून होती?"

"तुमी कधी सांगता ते पाहून राहिली होती."

"अन् नसतं सांगतलं तं?"

"तं आली नसती," ती म्हणाली. रागानं नाही, वेळ विचारल्यावर वेळ सांगावी तसं.

ओट्यावर येऊन ती तिच्या नेहमीच्या जागी बसली. मुकादम त्या वेळी अंगणात नव्हता. "आता सांगा," ती म्हणाली. "आणखी काय काय हाये या घरात, मले माहीत नसलेलं? सापाचं मी पाहून घेईन. पण मले माहीत पाहिजे."

मी सांगायला लागलो. गच्चीवरच्या टाकीला चीर गेली आहे, दोन महिन्यांपासून कापड गुंडाळून ठेवलंय. माझी शुगर वाढलेली निघाली, रिपोर्ट कपाटात पेपरखाली आहे. तिच्या आवडत्या कपाचा कान मी तोडला आणि चिकटवला, म्हणून त्याच्यातून मी तिला चहा देत नाही. गेल्या पावसाळ्यात गेटच्या बाहेर, रस्त्यावर, एक धामण पाहिली होती. ती ऐकत होती. धामणीच्या वेळी तिनं पाय वर घेतले, पण उठली नाही. सांगता सांगता मला वाटलं संपलं, आणि मग आणखी एक आठवलं.

"तू नव्हती तं मले करमून नाही राहिलं होतं," मी म्हटलं.

"हे माहीत होतं मले," ती म्हणाली, आणि बॅग उचलून आत गेली.